वास येतो का?

१ ऑगस्ट १९६६

आज पहिल्यांदाच कंपनीच्या गेटातून आत शिरलो. गुरख्याने नाव विचारलं तर मी आधी बापाचं नाव सांगितलं आणि मग माझं. रोहिदास म्हणजे कोण, हे मलाच क्षणभर आठवेना! घाबरटपणा आमच्या घरात फक्त माझ्या वाट्याला आला आहे. बापूस भर वादळात खाडीत होडी घालायचा. आय अजून भाऊच्या धक्क्यावर चार दलालांना एकटी पुरून उरते. आणि मी बी.एस्सी. होऊनही गुरख्याला घाबरतो.

हा अभ्यासक्रम नवा आहे. विद्यापीठ आणि कंपनी मिळून शिकवणार. बी.एस्सी. झालेल्या पोरांना सहा महिन्यांची पदविका. आठवड्यातले दोन दिवस मुंबईत टिपणीस सरांची व्याख्यानं, बाकीचे दिवस इथे तुर्भ्याला कारखान्यात काम करत शिकायचं. सर आज बोलताना अगदी खुलले होते. त्यांचं हे दहा वर्षांचं स्वप्न आहे म्हणे. कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ सालढाणा साहेब मात्र सरळ मुद्द्यावर आले. "पदवीवाले येतात आणि मला विचारतात, व्हॉल्व कुठल्या बाजूला फिरवू? मला कामाची माणसं पाहिजेत. शेवटी तुमच्यातले चौघे शिफ्ट केमिस्ट म्हणून घेईन. बाकीच्यांना कागद आणि रामराम."

चौघे. त्या चौघांत मी नसलो तर दिवाळे गावच्या आमच्या कोळीवाड्यात तोंड कुठे लपवू? पदवी मिळाली तेव्हा गावाने मला होडीत बसवून वाजत-गाजत आणलं होतं.

४ ऑगस्ट

आज नाकाने लाज राखली. सालढाणा साहेबांनी टेबलावर कुप्या मांडल्या, एकेकाला डोळे मिटून हुंगायला लावलं. अमोनिया, क्लोरीन सगळ्यांनी ओळखलं. पुढच्या कुप्यांना एकेक गळाला. मी शेवटपर्यंत चुकलो नाही. एका कुपीत अगदी नावापुरतं सल्फाइड होतं, ते मी बूच निघायच्या आधीच सांगितलं.

"कुठून आणलं रे हे नाक?" साहेब म्हणाले.

तेवढ्यात रज्जाक बोलला. हा पनवेलचा, लाकडाच्या वखारवाल्याचा मुलगा, माझ्या शेजारी बसतो. "साहेब, दिवाळ्याचा कोळी आहे तो. भरती लागली का ओहोटी, नाकाने सांगतो."

सगळे हसले. मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग बरं वाटलं. साहेबांनी खांद्यावर थोपटलं. सडक्या अंड्यासारखा वास आला की तिथून पळायचं, तो गॅस माणूस मारतो, असंही त्यांनी सांगितलं. ते ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही.

१३ ऑगस्ट

मुंबईला व्याख्यानाला जायचं तर आमच्या गावच्या मासळीच्या मचव्यातून जावं लागतं. ठाण्यावरून वळसा घालायचा तर अर्धा दिवस जातो. आय टोपल्यांमध्ये मला जागा करून देते. धक्क्यावर उतरलो की नळाखाली साबण लावून हातपाय घासतो, बोचक्यातला धुतलेला सदरा घालतो. तरी आज वर्गात पुढच्या बाकावरचा दादरचा पोरगा उठून पलीकडे जाऊन बसला. काही बोलला नाही. बोलला असता तर दोन शब्द मीही ऐकवले असते.

परत येताना आयला म्हटलं, "आपल्याला वास येतो."

"मग? मासलीवालीला काय मोगऱ्याचा येनार?" ती हसली. "आमाला नाय येत कनी. सवय झाली का नाक गप बसतं."

ते खरं आहे. पण मला येतो. हेच माझं दुःख.

९ सप्टेंबर

आजपासून सल्फाइड शेडमध्ये. इथे काळा रंग तयार होतो. मोठमोठ्या लोखंडी टाक्या आहेत, त्यांच्या तळाला गाळ बसतो. गाळ खरवडायला ठेकेदाराचे मजूर आत उतरतात. उतरण्याआधी टाकीत गॅस नाही ना, ते बघायचं. पुस्तकात पद्धत अशी, की रसायनात बुडवलेला पांढरा कागद ओला करून दोरीने आत सोडायचा. काळा पडला तर गॅस आहे.

इथे तसं करत नाहीत. साहेब म्हणाले, "कागद जरासा तपकिरी झाला तरी हवा मारत बसावं लागतं. माल थांबतो. नाक हे सगळ्यात जलद यंत्र." मग माझ्याकडे बघून, "आणि आपल्याकडे बॅचमधलं सगळ्यात चांगलं नाक आहे."

त्यांनी पद्धत घालून दिली. टाकीच्या तोंडाशी मी वाकायचं. साहेब विचारणार, "वास येतो का?" मी "नाही" म्हटलं की मजूर उतरणार. मजूर कोण, तर वामन! माझ्या धाकट्या बहिणीचा, जमुनाचा नवरा. खाडीत मासळी कमी झाल्यापासून ठेकेदाराकडे लागला आहे. त्याने कमरेला दोर बांधला आणि मला सलाम ठोकला. "सायेब, तुमच्या नाकावर चाललोय हां."

आज दोनदा वास आला. दोनदा मी थांबवलं. साहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण थांबले. वामन वर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

६ ऑक्टोबर

कंपनीने शेडमध्ये काहीतरी दुरुस्ती केलेली दिसते. पहिल्या दिवसांत आत शिरताना पोटात ढवळायचं. आता सकाळी जरासा वास येतो, मग दिवसभर काही नाही. टाकीपाशीही येत नाही. या आठवड्यात मी एकदाही काम थांबवलेलं नाही. साहेब खूश आहेत. "आता तयार झालास," म्हणाले.

डोळे मात्र लाल असतात, दुपारी डोकं दुखतं. बहुतेक जागरण. अभ्यास फार आहे.

२२ ऑक्टोबर

आज काय झालं! मचव्यातून मुंबईला गेलो. आजूबाजूला बोयी, निवट्या, कोळीम, टोपल्यांतून पाणी गळतंय, आणि मला मासळीचा वास आला नाही. अजिबात नाही! मी मुद्दाम सदरा हुंगून पाहिला. स्वच्छ. धक्क्यावर नळापाशी थांबलोही नाही, तसाच वर्गात गेलो. दादरचा पोरगा उठला. उठू दे. माझ्या मनाला टोचलं नाही, कारण मलाच वास येत नव्हता.

आय म्हणते तसं झालं तर. नाक गप बसलं. इतकी वर्षं ज्याची लाज वाटली ते एकदाचं सुटलं. टिपणीस सरांना सांगावंसं वाटलं, सर, तुमच्या अभ्यासक्रमाने मला माणसांत आणलं.

१२ नोव्हेंबर, दिवाळी

घरी आहे. या वर्षीचं उटणं फिकं निघालं, नुसती माती. वाण्याने फसवलं. आयच्या हाताचीही चव गेली आहे. कालवणाला तिखट आहे, मीठ आहे, पण बाकी काहीच लागत नाही. तिला म्हातारपण आलं म्हणायचं.

माझ्या कमरेचा चांदीचा करगोटा काळा ठिक्कर पडलाय. आयने तो पाहिला आणि तोंडावर हात मारला. "कोनाची नजर लागली रं माज्या पोराला!" मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मी रसायनशास्त्र शिकलेला माणूस, मला हसू आलं. गंधकामुळे चांदी काळी पडते, शेडमध्ये असतो म्हणून पडली, एवढं सोपं आहे. पण रात्री अंथरुणावर मनात आलं, चांदीला जे कळतं ते मला का कळत नाही? मग झोप लागली.

वामन आणि जमुना जेवायला होते. जमुनाला सातवा आहे. नवऱ्याचं कौतुक सांगताना तिचं तोंड थांबत नाही. "दादा, परवा भात करपला, आख्खी आळी नाकाला पदर लावून बसली. यानं गुमान खाल्ला! नाव नाय ठेवलं. देवमानूस हाय."

वामन लाजला आणि नाक ओढलं. त्याला सर्दी झाली आहे.

४ डिसेंबर

सकाळी स्टोव्ह पेटवायला बसलो. आय अंगणात सुकट उलटत होती, जमुना माहेरी आली आहे, ती आत पडली होती. मी पाटावर बसलो आणि काडी ओढली. तेवढ्यात आय दारातून ओरडली, "अरं मेल्या, ईजव!" आणि धावत येऊन तिने माझ्या हातावर फटका मारला. काडी उडाली, विझली.

रॉकेलची बाटली आडवी झाली होती. जमीन भिजलेली. माझं धोतर भिजलेलं. जमुनाच्या अंथरुणापर्यंत ओघळ गेला होता.

"घर भरून घान येतेय! तुला कळलं नाय?"

मला कळलं नाही. मी ओली बोटं नाकाशी नेली. पाणी असावं तशी. मग मी मोरीतला साबण हुंगला, माळ्यावरचे बोंबील हुंगले, आयचा पदर हुंगला. ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली. "काय झालं रं, रोहिदास?"

"काही नाही. सर्दी आहे."

७ डिसेंबर

कोणी नसताना कुप्या काढल्या. अमोनिया डोळ्यांत झोंबला, क्लोरीन घशात बोचलं. बाकीच्यांत काहीच नाही. सल्फाइडचं बूच काढून थेट नाकपुडीला लावलं. काहीच नाही.

म्हणजे दुरुस्ती वगैरे झालेली नव्हती. ऑक्टोबरपासून मी टाकीच्या तोंडाशी वाकतो आहे, "नाही" म्हणतो आहे आणि वामन उतरतो आहे.

तो रोज वर आला. कसा आला, देव जाणे. एकवीरा आईची कृपा, दुसरं काय म्हणू?

सांगावं तर नोकरी गेली. मला घेणार ते या नाकासाठीच. न सांगावं तर... पुढचं लिहवत नाही. आज टाकीवर मी युक्ती केली. वाकलो, पण डोळे रज्जाककडे ठेवले. त्याने नाक मुरडलं तर थांबवायचं असं ठरवलं होतं. त्याचा चेहरा शांत होता. तो माझ्याकडेच बघत होता. मी "नाही" म्हटलं.

१७ डिसेंबर

आज मुंबईत टिपणीस सरांचं व्याख्यान. विषय नेमका तोच गॅस. मी खाली मान घालून बसलो होतो. सर म्हणाले, "याचा कावा लक्षात ठेवा. हा आधी नाक मारतो. थोडा असतो तेव्हा घाण येते, वाढला की वास बंद होतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस पुढे पाऊल टाकतो आणि तिथेच कोसळतो. रोज थोडाथोडा पोटात जात राहिला तरी नाक बोथट होतं. म्हणून नाकावर कधी विसंबू नका. कागद वापरा."

सर, तुमच्या कंपनीत कागद कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे! हे ओरडून सांगावंसं वाटलं. रज्जाकने वळून माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं.

व्याख्यान संपल्यावर सरांना गाठलं. म्हटलं, "सर, कारखान्यात कागद वापरत नाहीत." त्यांचा चेहरा पडला. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "ठाऊक आहे मला. सालढाणांशी बोलेन. पण जपून रे. अभ्यासक्रमाचं पहिलंच वर्ष आहे. कंपनीने हात काढला तर सगळंच बसेल." त्यांनाही भीती वाटते हे पाहून मला आणखी भीती वाटली. ते घाबरले तर मी कोणाच्या जिवावर उभा राहू?

५ जानेवारी १९६७

चौघांची नावं दहा तारखेनंतर लागणार. दहा तारखेला कंपनीचे मालक आणि विद्यापीठाची माणसं येणार आहेत. संयुक्त अभ्यासक्रम कसा चालतो ते त्यांना प्रत्यक्ष दाखवायचं. दोन नंबरची टाकी त्यासाठी राखून ठेवली आहे. सगळ्यात मोठी, आणि गाळ सगळ्यात जास्त. साहेब म्हणाले, "रोहिदास, तू नाक, वामन दोर. आपली नेहमीची जोडी. माझ्या मनात तुझं नाव पहिलं आहे."

घरी येऊन वामनला म्हटलं, दहा तारखेला दांडी मार. "खुळा का काय? पाव्हन्यांसमोर काम केल्यावर ठेकेदार कायम करनार हाय मना. पोर होतंय माजं!" आणि मग थट्टेत, "तुमी हाव ना सायेब वर. मना कसली भीती?"

मी हसलो.

९ जानेवारी

जेवण जात नाही. आय विचारते, मी परीक्षेचं नाव सांगतो. तिने एकवीरेला कोंबडा बोलला आहे. मी नोकरीला लागलो की पहिलं कार्ल्याला जायचं. जमुनाचे दिवस भरत आले. ती ओटीवर बसून बाळासाठी दुपटं शिवते आहे आणि वामन समोर बसून तिला सुईत दोरा ओवून देतो आहे. मी त्यांच्याकडे बघू शकत नाही.

कितीदा तोंडापर्यंत आलं. वामनला सांगावं, अरे, तुझा साहेब आंधळ्यासारखा आहे. पण मग तो विचारणार, कधीपासून? मी काय उत्तर देऊ?

उद्या सर असतील, साहेब असतील, रज्जाक असेल. कोणाला तरी वास येईलच. इतक्या माणसांत कोणाला तरी येईलच.

१० जानेवारी

झालं ते क्रमाने लिहितो.

टाकीपासून लांब, वाऱ्याच्या बाजूला मांडव घातला होता. खुर्च्या, गुलाबपाणी, फुलं. गुलाबपाणी माझ्याही अंगावर उडवलं. काही कळलं नाही. साहेबांनी पाहुण्यांना इंग्रजीत सगळं समजावलं. मग मला खूण केली. मी शिडी चढून टाकीच्या तोंडाशी गेलो. रज्जाक माझ्याबरोबर, दोराचं टोक त्याच्या हातात. वामन पलीकडे, एक पाय आतल्या शिडीवर ठेवून तयार.

मी वाकलो. काळोख. अंगावर गरम वाफ. डोळे चुरचुरले. मी रज्जाककडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"वास येतो का?" साहेबांनी खालून विचारलं.

"नाही," मी म्हणालो. खरंच येत नव्हता.

वामनने दुसरा पाय आत टाकला. "आटपतो म्हनलं लवकर, चाय थंड होतेय," असं हळूच पुटपुटला आणि भराभर पायऱ्या उतरला. त्याचं डोकं काठाच्या खाली गेलं. तेवढ्यात मला जमुनाचं दुपटं दिसलं, देवाशपथ, समोर दिसलं. मी त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि ओरडलो. काय ओरडलो ते रज्जाकने नंतर सांगितलं. "वर ये! मला कसलाच वास येत नाही! तीन महिने झाले, मला कशाचाच वास येत नाही!"

मी आणि रज्जाकने त्याला ओढून काठावर पाडलं. त्याचा गुडघा फुटला. खाली सगळे उठून उभे राहिले. साहेब म्हणाले, "काय तमाशा आहे हा?"

"कागद द्या," मी म्हणालो. "साहेब, कागद द्या. पुस्तकातला."

कोणी हलेना. मग टिपणीस सर उठले. आपल्या बॅगेतून त्यांनी कागदाची पट्टी काढली. रुमालाच्या घडीत जपून ठेवली होती, रोज बरोबर आणत असावेत. पाहुण्यांसमोरच्या पेल्यात बुडवली, शिडी चढून आले आणि दोरीला बांधून आत सोडली. वर ओढली तेव्हा ती कोळशासारखी काळी झाली होती.

वामनने ती पाहिली, मग टाकीकडे पाहिलं. खाली उतरून मातीत बसला.

रज्जाकही माझ्याजवळ मटकन बसला. "रोहिदास, मला पण येत नाही रे वास. दिवाळी झाल्यापासून. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो."

"आणि मी तुझ्या," मी म्हणालो.

११ जानेवारी

साहेबांनी खोलीत बोलावलं. टिपणीस सर आधीच बसले होते. मला वाटलं, आता कागद आणि रामराम.

साहेबांनी चहा मागवला. "पाहुणे खूश आहेत. त्यांना वाटलं, कालचं सगळं आपण मुद्दाम घडवून दाखवलं. सुरक्षेचा धडा म्हणून. तसंच राहू दे. चौघांत तुझं नाव पहिलं आहे. सतरा तारखेला सकाळी आठला हजर हो."

"पण साहेब, माझं नाक..."

"माझं कधी गेलं, मला आठवत नाही," ते शांतपणे म्हणाले. "बायको सकाळी कॉफी करते, मला गरम पाणी आणि कॉफी सारखीच. पगार येतो, पोरं शिकतात. तुला सवय होईल. बाहेरच्या डॉक्टरकडे मात्र जाऊ नकोस. आपला डॉक्टर सर्दी लिहून देईल."

"आणि मजूर?"

"ते ठेकेदाराचे. आपला संबंध नाही."

मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "अभ्यासक्रम टिकला पाहिजे, रोहिदास. पुढच्या वर्षी तुझ्या गावची आणखी पोरं येतील. आतून सुधारता येईल. कागद वापरायचं त्यांनी कबूल केलंय." बोलताना ते पेपरवेट फिरवत होते.

मी हो म्हणालो. लिहितानाही लाज वाटते, पण मी हो म्हणालो. आयला सांगितलं तेव्हा तिने आख्ख्या आळीत साखर वाटली.

१२ जानेवारी

पहाटे जमुनाला मुलगा झाला. दोघंही सुखरूप. वामन गुडघ्याला फडकं बांधून आळीभर लंगडत नाचला. परवा टाकीवर मी ओरडलो नसतो तर... नको. मुलगा गोरा आहे, बापाचं नाक घेऊन आलाय.

१६ जानेवारी

आज पाचवी. सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते म्हणून आयने पाटावर पूजा मांडली, कोरी लेखणीही ठेवली. कोळणी गाणी म्हणत होत्या. आमच्याकडे पाचवीला घरातल्या प्रत्येकाने बाळाची टाळू हुंगायची असते. आपल्या माणसाचा वास बाळ ओळखतं आणि बाळाचा आपण, म्हणजे पुढे नातं तुटत नाही. पहिली आय वाकली. डोळे मिटून हुंगलं, बराच वेळ. "माज्या नवऱ्याचा वास येतोय," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

मग मी मामा. जमुनाने बाळ पुढे केलं. मी वाकलो, अगदी टाकीवर वाकायचो तसा. ऊब लागली, जावळ नाकाला लागलं. बाकी काही नाही. मला रडूच कोसळलं.

"दादा, कसला वास येतो?"

"दुधाचा," मी म्हणालो. बाळंतिणीला दुसरं काय सांगणार? टाकीवरचं वामनने घरी सांगितलेलं नव्हतं.

मग वामन बसला. मोठ्या हौसेने त्याने नाक टाळूला लावलं. थांबला. पुन्हा लावलं. मग हसून मान हलवली. "मना काय येत नाय बाबा. दिवाळीच्या आधीपासून ही सर्दी हाय, जातच नाय मेली. नाकाला काय कळतच नाय." आणि जमुनाला, "तुजा करपलेला भात म्हनून तर गोड लागतो!"

बायका खो खो हसल्या. जमुनाही हसली. आय हसली नाही. ती वामनकडे बघत होती आणि मग माझ्याकडे. रॉकेलच्या दिवशी मी तिचा पदर हुंगत सुटलो होतो, ते तिला आठवलं असणार.

मी इतके दिवस माझ्याच नाकाच्या काळजीत राहिलो. वामन रोज टाकीच्या पोटात उतरत होता, आणि त्याला वास येतो का, हे मी एकदाही विचारलं नाही. साहेबांनी नाही, सरांनी नाही, पण मी तर त्याच्या घरचा!

त्याला बाहेर अंगणात नेलं आणि सगळं सांगितलं. गॅस म्हणजे काय, नाक कसं मरतं, आणि नाकामागून काय काय मरू शकतं. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "मंग पोराचा वास मना कवाच येनार नाय?"

"माहीत नाही. उद्या ठाण्याला मोठ्या दवाखान्यात जायचं. दोघांनी."

"उद्या? उद्या तुजी नोकरी ना!"

१७ जानेवारी, सकाळ

बेलापूरच्या नाक्यावर ठाण्याच्या एस.टी.ची वाट बघत लिहितोय. आठला मी हजर नसलो की साहेब दुसरं नाव लावतील. याच गाडीने पनवेलहून रज्जाकही येतोय, त्याला काल निरोप धाडला होता. तिघं मिळून डॉक्टरला सांगू, कंपनीचं नाव घालून. पुढे काय होईल कळत नाही. ठेकेदार वामनला काढेल. गाव म्हणेल, एवढं शिकून हातची नोकरी घालवली. आय निघताना काही बोलली नाही, साखर वाटल्याबद्दलही नाही. भाकऱ्या बांधून दिल्या आणि वामनच्या पाठीवरून हात फिरवला.

जमुनाने बाळाचं वापरलेलं दुपटं पिशवीत घातलं आहे. वामन ते मघापासून काढतो, नाकाला लावतो, परत घडी घालून ठेवतो. आता त्याने ते माझ्यापुढे धरलं.

"वास येतो का?"

"नाही."

"मनापन नाय," तो म्हणाला आणि दुपटं पिशवीत नीट ठेवलं. एस.टी. दिसली. ती कंपनीच्या गेटासमोरूनच जाते.